कॉइल गेली, गीझर नाही

बंगळुरूत दर हिवाळ्यात कितीतरी धडधाकट गीझर भंगारात जातात. टाकी शाबूत असते, बाहेरचं कवच शाबूत असतं, थर्मोस्टॅटही बहुतेक वेळा चालू असतो. जळलेली असते ती फक्त कॉइल, म्हणजे पाण्यात बुडालेली, वीतभर लांबीची, वाकवलेली एक नळी. ती बदलायला हजार रुपयांच्या आतला माल आणि तासा-दीड तासाचं काम लागतं. तरीही दारात आलेला कंपनीचा माणूस मान वर करून गीझरकडे पाहतो, झाकण न उघडताच 'आता यात काही राम नाही' असं सांगतो आणि पुढच्याच वाक्याला नव्या गीझरची किंमत बोलतो. याला मी सल्ला म्हणणार नाही. ही फसवणूक आहे, ती राजरोस चालते, आणि देशभरातल्या इंजिनियरांनी भरलेलं हे शहर ती मुकाट्यानं सोसतं.

कॉइल म्हणजे काय हे आधी नीट समजून घेऊ, कारण हा सगळा धंदा आपल्या अज्ञानावर उभा आहे. बाहेरून तांब्याची किंवा इन्कोलॉय नावाच्या निकेलयुक्त मिश्रधातूची बारीक नळी. आत निक्रोमच्या तारेचं वेटोळं. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली. ही पूड वीज अडवते आणि उष्णता पुढे जाऊ देते. बस, एवढंच. यात चिप नाही, सॉफ्टवेअर नाही, कुणाचं गुपित नाही. भारतीय मानक ब्युरोनं अशा एलिमेंटसाठी आयएस ४१५९ हे वेगळं मानक केलेलं आहे, तर टाकीच्या संपूर्ण गीझरला आयएस २०८२ लागू होतं.

आता तपासणी. २३० व्होल्टवर चालणाऱ्या दोन किलोवॉटच्या कॉइलचा रोध साधारण २६ ओहम असतो, तीन किलोवॉटच्या कॉइलचा साडेसतरा. मेन स्विच बंद करायचा, वायरी सोडवायच्या, मल्टिमीटरची दोन टोकं कॉइलच्या दोन टोकांना लावायची. २६च्या आसपास आकडा आला तर कॉइल जिवंत आहे. दोष थर्मोस्टॅटमध्ये, कट-आउटमध्ये नाहीतर वायरिंगमध्ये शोधायचा. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली. आणि कॉइलचं टोक व बाहेरची नळी यांच्यामध्ये मीटरनं रस्ता दाखवला, तर ती कॉइल जिवावर बेतणारी आहे. पाणी गरम होत असलं तरी ती त्याच दिवशी काढायची. शाळेत ओहमचा नियम शिकलेल्या कुणालाही हे कळतं. मीटर न लावता 'गीझर गेला' म्हणणाऱ्या तंत्रज्ञानं तपासणी केलेलीच नसते, आणि न केलेल्या तपासणीची फी तो मागतो.

बंगळुरूत कॉइल एवढ्या का जळतात, याचं उत्तर नळात आहे. कावेरीचं पाणी या शहरात सुमारे शंभर किलोमीटरवरच्या तोरेकाडनहळ्ळीहून येतं, तेही जवळजवळ अर्धा किलोमीटर उंची चढवून. कावेरीच्या पाचव्या टप्प्याचं उद्घाटन १६ ऑक्टोबर २०२४ रोजी झालं. त्यातून रोज ७७.५ कोटी लिटर पाणी येणार, आणि ते मुख्यतः २००७ साली महापालिकेत सामील केलेल्या ११० गावांसाठी. म्हणजे सतरा वर्षं त्या भागांना शहर म्हटलं गेलं, तिथे काचेचे मनोरे उभे राहिले, कर गोळा झाला, आणि पाणी मात्र बोअरचं नाहीतर टँकरचं. केंद्रीय भूजल मंडळाच्या लेखी बंगळुरू शहर जिल्हा अतिशोषित आहे. २०२४च्या मार्चमध्ये बोअर धडाधड आटले, सरकारला टँकरचे दर ठरवून द्यावे लागले, तेव्हा सगळ्या देशानं बातम्या पाहिल्या. घागरी, रांगा, टँकर सगळं टीव्हीवर दिसलं. न्हाणीघरातल्या टाकीत त्या पाण्यानं काय केलं, ते कुणी दाखवलं नाही.

खडकातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापलं की कॅल्शियमच्या बायकार्बोनेटचा कार्बोनेट होतो, आणि हा कार्बोनेट गार पाण्यापेक्षा गरम पाण्यात कमी विरघळतो. म्हणून तो जिथे सर्वांत जास्त ताप असेल तिथेच जाऊन बसतो, म्हणजे थेट कॉइलवर. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात एकूण काठिण्य लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावं असं म्हटलं आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं. सहाशेच्या आसपासचं पाणी पिऊन माणूस मरत नाही, पण कॉइल मरते. तिच्यावर चुन्याचा पांढरट थर चढतो. आतली तार तेवढीच उष्णता निर्माण करत राहते, ती पाण्यात पटकन उतरत नाही, नळी स्वतःच तापत जाते आणि एके दिवशी चिरते. पाणी आत शिरतं, आणि मग एकतर सर्किट ट्रिप होतं किंवा नळाला हात लावणाऱ्याला झटका बसतो.

या थराबद्दल विक्रेते एक मोठं असत्य पसरवतात: क्षार साचल्यामुळे तुमचं विजेचं बिल वाढलंय, नवा गीझर घ्या, बिल उतरेल. हे भौतिकशास्त्राच्या विरुद्ध आहे. कॉइल पूर्णपणे पाण्यात बुडालेली असते. तिच्यातून बाहेर पडणारी उष्णता पाण्यावाचून जाणार कुठे? थरामुळे नळीचं तापमान वाढतं, आयुष्य घटतं; पण पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला आधीही सुमारे ०.७ युनिट वीज लागत होती आणि थर चढल्यावरही जवळपास तेवढीच लागते. दोन किलोवॉटच्या कॉइलला या कामाला वीस-एकवीस मिनिटं लागतात. झिजते ती कॉइल. तिच्या मरणाचं खापर बिलावर फोडून आठ-दहा हजारांचा नवा गीझर गळ्यात मारणाऱ्याला हिशेब येत नाही, किंवा येतो आणि तो लपवतो. दुसरीच शक्यता मला खरी वाटते.

आमच्या घरी गेल्या हिवाळ्यात हेच झालं. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातून मुलगा आला. कंपनीचं नाव मी इथे घेत नाही, कारण दुसऱ्या कंपनीचा माणूसही हेच बोलला असता. त्यानं स्टुलावर चढून गीझरला बाहेरून हात लावला, टाकी आतून गंजली आहे असं जाहीर केलं, व्हिजिटचे पैसे घेतले आणि फोनवर एक्स्चेंजची योजना उघडून दाखवली. मी विचारलं, टाकी गळतेय का? नाही. मग गंज कुठे पाहिलास? उत्तर नव्हतं. त्या मुलाला मी दोष देत नाही. दुरुस्त केलेल्या गीझरचं त्याला काही मिळत नाही, विकलेल्या गीझरचं मिळतं. त्याला दारोदार पाठवणाऱ्यांनी त्याच्या हातातला पाना काढून घेऊन किमतीचा तक्ता दिलेला आहे.

मग आमच्या गल्लीतले इलेक्ट्रिशियन अण्णा आले. त्यांनी खालचं झाकण उघडलं, मीटर लावला आणि म्हणाले, "एलिमेंट मात्र होगिदे, मेडम. टँक चेन्नागिदे." फक्त एलिमेंट गेलंय, टाकी उत्तम आहे. जुनी कॉइल फ्लँजसकट, म्हणजे तिला टाकीवर बोल्टांनी बसवणाऱ्या चकतीसकट, पिशवीत घालून ते एस. पी. रोडला गेले आणि दुपारपर्यंत तशीच नवी घेऊन आले. सादर पट्रप्पा रोड (हाच एस. पी. रोड), बी. व्ही. के. अय्यंगार रोड, चिकपेट हा पट्टा ज्यानं पायी पालथा घातला आहे त्याला ठाऊक आहे की दोन, चार, सहा बोल्टांची, गोल आणि चौकोनी फ्लँजची, उभी आणि आडवी, सगळ्या तऱ्हेची कॉइल तिथे खुंटीला टांगलेली असते. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत अशा नळीदार हीटरचे छोटे कारखाने आहेत. गीझरचे मोठे कारखानेसुद्धा परदेशात नाहीत; एक आपल्या चाकणला आहे, एक इथून तासा-दीड तासावरच्या हारोहळ्ळीला. 'पार्ट मिळत नाही' हे वाक्य या शहरात उच्चारायला निर्ढावलेपण लागतं.

काम कसं झालं ते सविस्तर सांगते, कारण ते पाहिलं की भीती जाते. आधी एमसीबी खाली. टेस्टरनं वीज नसल्याची खात्री, तीही दोनदा. गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद, मग टाकी रिकामी. बोअरच्या पाण्यावरच्या टाकीतून पाण्याबरोबर चुन्याचे खडेही पडतात, बादलीचा तळ पांढरा होतो. वायरींचा फोटो काढायचा म्हणजे परत जोडताना अंदाज करावा लागत नाही. फ्लँजचे नट समोरासमोरचे, आळीपाळीनं सैल करायचे. कॉइल बाहेर येते तेव्हा ती नळी आहे हे ओळखू येत नाही, एवढा थर तिच्यावर असतो. मग टाकीत हात घालून तळाचा गाळ काढायचा. इथे बरेच जण न्हाणीघर धुवायचं तीव्र आम्ल ओततात. तो मूर्खपणा आहे, टाकीचं आतलं अस्तर त्यानं जातं. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत कोमट पाण्यात विरघळवून तासभर ठेवलं तरी बराचसा थर सुटतो.

त्याच वेळी अ‍ॅनोड पाहायचा. हा मॅग्नेशियमचा दांडा टाकीच्या आत असतो आणि टाकीच्या पोलादाऐवजी स्वतः झिजतो. तो संपला की गंज टाकीकडे वळतो. दरवर्षी तो उघडून पाहावा आणि बारीक झाला असेल तर बदलावा. किती घरांमध्ये हे केलं जातं? मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या बहुतेकांना अ‍ॅनोड नावाची वस्तू आपल्या गीझरमध्ये आहे हेच माहीत नव्हतं. वर्षाचा देखभाल करार घेऊन पैसे भरणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. अ‍ॅनोड बदलायचा नाही, टाकी गंजू द्यायची आणि मग गंजलेली टाकी दाखवून नवी विकायची, हा व्यवहार पाहून माझा संताप होतो.

शेवटी नवी कॉइल, नवी गॅस्केट. जुनी गॅस्केट परत बसवणारा गळतीला आमंत्रण देतो. नट पुन्हा आळीपाळीनं आवळायचे. आणि सर्वांत महत्त्वाचं: आधी टाकी पूर्ण भरायची, गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत थांबायचं, मगच वीज. कोरड्या टाकीत चालू केलेली नवी कॉइल काही क्षणांत जळते. थर्मोस्टॅट ७५ अंशांवर ठेवू नये. ६०च्या आसपास ठेवला की थर हळू चढतो, आणि बंगळुरूच्या हिवाळ्यात, जिथे जानेवारीतली पहाटसुद्धा पंधरा-सोळा अंशांची असते, तेवढं पुरून उरतं. आमचं पाणी संध्याकाळपर्यंत गरम झालं.

आता कंपन्यांकडे वळते. प्रत्येक कंपनीची फ्लँज वेगळी, बोल्टांची जागा वेगळी. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची कॉइल एकमेकांना बसेल याची खात्री नाही. विजेच्या दिव्याचं होल्डर देशभर सारखं असू शकतं, मग दोन किलोवॉटच्या कॉइलची बैठक का असू शकत नाही? गीझर घेताना पार्ट क्रमांक मिळत नाही, सुट्या कॉइलची छापील किंमत मिळत नाही. वॉरंटीच्या कागदावर टाकीला पाच-सात वर्षं मोठ्या अक्षरांत असतात. कॉइलला त्याहून कमी, आणि बारीक अक्षरांत एक कलम: पाण्याच्या क्षारांमुळे झालेलं नुकसान धरलं जाणार नाही. ज्या शहरातल्या कितीतरी इमारती बोअर-टँकरवर उभ्या आहेत तिथे हे कलम घालून गीझर विकणं म्हणजे वॉरंटी न देताच वॉरंटीचे पैसे घेणं. विकताना पाणी कोणतं हे विचारायचं नाही, बिघडल्यावर मात्र पाण्याकडे बोट दाखवायचं.

गीझरवरच्या ताऱ्यांचंही तेच. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे ते तारे टाकी उभ्याउभ्या किती उष्णता गमावते यावरून ठरतात. माहिती उपयोगाची आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण पाच ताऱ्यांचा गीझर दोन वर्षांत भंगारात गेला, तर त्या पोलादाची, त्या फोमची, त्या वाहतुकीची वीज कुठल्या ताऱ्यात मोजली? दुरुस्तीला किती सोपा याचा एकही तारा त्या पट्टीवर नाही.

एक्स्चेंजमध्ये जुना गीझर कुठे जातो तेही विचारा. जुन्या गीझरांच्या टाक्या तांब्याच्या असत. तांबं आज किलोला शेकड्यांत विकलं जातं, आणि आजोबांच्या काळातली ती जड टाकी दोन-चारशे रुपयांची सूट देऊन उचलून नेतात. त्या जागी पातळ पोलादाची, आतून अस्तर लावलेली टाकी येते. पुण्याच्या तांबट आळीत घडवलेले बंब आमच्या आजीच्या पिढीनं आयुष्यभर वापरले. जाळी जळली तर जाळी, तोटी गेली तर तोटी बदलली. बंब परत यावा असं मी म्हणत नाही. त्याच्या धुरानं बायकांचे डोळे गेले, पहाटे उठून लाकडं कोंबण्यात त्यांची झोप गेली. गीझरनं ते कष्ट संपवले आणि मला त्याचं मोल आहे. म्हणूनच तो टिकावा, आणि दुरुस्त करता यावा, असा माझा आग्रह आहे.

श्रीमंत घरात कॉइल गेली तर दहा हजार जातात. पीजीमध्ये, म्हणजे पेइंग गेस्टच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये, गेली तर जीव जाऊ शकतो. बीटीएम लेआउट, मराठहळ्ळी, कोरमंगला इथल्या पीजींमध्ये लातूर, सोलापूर, नागपूर, कोल्हापूरहून आलेली आपली मुलं-मुली एकेका खोलीत तिघं-चौघं राहतात. मजल्यावरच्या गीझरची कॉइल जाते, मालक 'उद्या बघतो' म्हणतो, तो उद्या येत नाही. मुलं ऑनलाइन तीन-चारशे रुपयांचा रॉड मागवतात, प्लॅस्टिकच्या बादलीत सोडतात, एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या फरशीवर ठेवतात. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून पाहिल्यामुळे या देशात दर हिवाळ्यात माणसं मरतात. काही ठिकाणी मालक गॅसचा गीझर बसवून मोकळा होतो, तोही खिडकी नसलेल्या न्हाणीघरात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि याच बंगळुरूत त्यानं न्हाणीघरात माणसं मेली आहेत. महिन्याला डोक्यामागे आठ-दहा हजार भाडं घेणाऱ्याला हजार रुपयांची कॉइल परवडत नाही, हे मला कुणी सांगू नये. पीजीचा परवाना देणाऱ्या यंत्रणेनं आरसीसीबी आहे की नाही, अर्थिंग आहे की नाही, गीझर चालू आहे की नाही, एवढं पाहिलं पाहिजे. ३० मिलिअ‍ॅम्पिअरचं आरसीसीबी गळणारी वीज ओळखून क्षणार्धात तोडतं. साधं एमसीबी ते करत नाही. बसवनगुडी-मल्लेश्वरमच्या जुन्या घरांतही ते बऱ्याच ठिकाणी नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

सोलरवाल्यांनाही सोडत नाही. २००७ पासून बेसकॉम या वीज कंपनीच्या हद्दीत ठरावीक आकारापुढच्या नव्या घरांना सोलर वॉटर हीटर सक्तीचा झाला, आणि बंगळुरूची गच्ची न् गच्ची टाक्यांनी भरली. धोरण चांगलं होतं. पण त्या टाकीतही ढगाळ दिवसांसाठी विजेची कॉइल असते आणि तिच्यावरही तोच बोअरचा चुना बसतो. जून-जुलैत ऊन गेलं की लक्षात येतं, बॅकअप कधीच मेलेला आहे. मग सोलर बसवणारा येतो आणि 'सिस्टिम जुनी झाली' म्हणून गच्चीवरचं सगळं बदलायला सांगतो. शेगडीचा बर्नर बुजला म्हणून कुणी ओटा फोडत नाही.

यावर कंपन्यांचं एक उत्तर ठरलेलं आहे: सुरक्षितता. बाहेरच्या मिस्त्रीनं हात लावला तर धोका, वॉरंटी रद्द. धोका खरा आहे, मी तो नाकारत नाही. पाणी आणि वीज एकाच डब्यात असताना अर्धवट माहिती जीव घेते. पण मग दुरुस्तीची पुस्तिका छापून द्या. आयटीआयमधल्या इलेक्ट्रिशियनच्या मुलांना तुमच्या मॉडेलांवर शिकवा. अस्सल कॉइल कुणालाही काउंटरवर विका, म्हणजे मिस्त्री निकृष्ट माल बसवणार नाही. माहिती दडवायची, माल दडवायचा, आणि त्यातून जो धोका तयार होतो तोच पुढे करून मक्तेदारी मागायची, ही लबाडी आहे.

आणि सरकार? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. २४ डिसेंबर २०२२ रोजी पोर्टल सुरू झालं. शेतीची यंत्रं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू, वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. कंपन्यांनी स्वखुशीनं यावं, माहिती द्यावी, अशी अपेक्षा. पुढे दुरुस्ती निर्देशांकासाठी आणखी एक समिती आली आणि तिची सुरुवात ठरली स्मार्टफोन-टॅब्लेटपासून. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून असा निर्देशांक लागू आहे. युरोपीय संघानं मार्च २०२१ पासून फ्रिज आणि वॉशिंग मशिनचे सुटे भाग सात ते दहा वर्षं उपलब्ध ठेवणं बंधनकारक केलं. आपल्याकडे पोर्टल आहे, बंधन नाही. स्वखुशीनं नफा सोडणारी कंपनी मी पाहिलेली नाही. त्यासाठी कायदा लागतो आणि तो मोडल्यावर दंड लागतो.

मला सर्वांत जास्त राग मात्र आपला येतो. याच शहरात शिवनसमुद्रच्या विजेवर ५ ऑगस्ट १९०५ रोजी रस्त्यावरचे दिवे लागले, तेव्हा बहुतेक आशिया अंधारात होता. याच शहरात एचएमटीनं यंत्रं बनवणारी यंत्रं घडवली. आज त्याच शहरात पुण्या-मुंबईहून आलेले, लाखांत पगार घेणारे आपले लोक सोसायटीच्या ग्रुपवर 'गीझर गेला, कोणता घेऊ?' असं विचारतात आणि पन्नास उत्तरांत पन्नास ब्रँड येतात. कॉइल तपासली का, असं विचारणारा एकही नसतो. 'वेळ नाही' हे कारण मी मानत नाही. नवा गीझर निवडायला, मागवायला, बसवायला जो वेळ जातो त्याच्या अर्ध्यात कॉइल बदलून होते. आपण मीटर धरायचं विसरलो नाही. ते काम आपल्या इभ्रतीला कमी वाटू लागलं आहे. आणि जो माणूस ते काम करतो, त्या गल्लीतल्या अण्णांशी आपण शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो, त्याच दिवशी दुकानात जाऊन एक अक्षर न बोलता दहा हजार मोजतो.

माझ्या मागण्या सरळ आहेत. आयएस २०८२ मध्ये कॉइलच्या बैठकीचे दोन-तीनच आकार ठरवून द्या. खोक्यावर कॉइल, गॅस्केट आणि अ‍ॅनोड यांचे पार्ट क्रमांक आणि किंमत छापा. किती काठिण्याच्या पाण्यापर्यंत वॉरंटी चालेल तो आकडा ताऱ्यांच्या शेजारी, ताऱ्यांएवढ्याच मोठ्या अक्षरांत द्या. मॉडेल बंद झाल्यावर दहा वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. कर्नाटक सरकारनं पीजीच्या तपासणीत आरसीसीबी सक्तीचं करावं.

आणि तुम्ही, वाचणाऱ्यांनी, यातलं काही होईपर्यंत थांबू नका. गीझर बंद पडला की मीटर लावल्याशिवाय आणि आकडा तुम्हाला दाखवल्याशिवाय कुणाचाही निकाल मान्य करू नका. टाकी गंजली म्हणत असेल तर उघडून दाखव म्हणा. नवा गीझर घ्यायचीच वेळ आली, तर दुकानदाराला कॉइलची किंमत आणि पार्ट क्रमांक बिलावर लिहून मागा. तो देणार नसेल, तर तो गीझर घेऊ नका.